जेवणं होऊ द्या

मंगल कार्यालयाचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात आला, तेव्हा आत्याला नुकतंच वेदनेचं इंजेक्शन दिलेलं होतं. त्याच्या हातात सफरचंदं-मोसंब्यांची पिशवी होती. माणूस वाईट नव्हता. पलंगाशी येऊन त्याने वाकून नमस्कार केला, 'आजी, आता कसं वाटतंय?' म्हणून विचारलं आणि मग अगदी घरच्यासारखं म्हणाला, 'जरा बघून चालायचं ना, आजी. या वयात जपायला हवं.' आत्याच्या उजव्या पायाला वजन बांधलेलं होतं. कूस बदलायची तर दोन माणसं लागत होती. तरी तिने दोन्ही हात पांघरुणातून सोडवून घेतले, जोडले आणि म्हणाली, 'हो हो, चुकलंच माझं. ऐन लग्नात तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास.' तो गेला. सफरचंदं आम्ही पलीकडच्या पलंगावरच्या मुलाला देऊन टाकली. ते जोडलेले हात मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

पडली ती जागा मी नीट पाहिलेली आहे. सातारा रस्त्यावरचं कार्यालय, गोरज मुहूर्ताचं लग्न, त्यामुळे पंगती बसल्या तेव्हा बाहेर अंधार झालेला. जेवणाच्या हॉलच्या मागच्या दाराने हात धुवायला जायचं तर तीन पायऱ्या उतरायच्या. पायऱ्यांना चकचकीत टाइल्स, हॉलमध्ये लावून उरलेल्या असाव्यात तशा. कडेला कठडा नाही, भिंतही नाही, धरायला काहीच नाही. डाव्या अंगाला भांडी घासायची जागा. तिथलं साबणाचं पाणी, वरणाचा तवंग, मठ्ठ्याचे थेंब हे सगळं पायऱ्यांपर्यंत आलेलं. दारावर दिवा होता, पण तो लागत नव्हता. बटण दाबून पाहिलं, ते मी स्वतः. आत्या पडल्यावर आम्ही धावलो, तेव्हा ती शेवटच्या पायरीखाली एका अंगावर पडलेली होती, हात अजून खरकटा, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, 'कुणाला काही सांगू नका, जेवणं होऊ द्या.'

जेवणं झाली. दुसरी पंगतही उठली. आम्ही तिला मागच्या बाजूने गाडीत घातलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी ते बहुतेकदा जोडत बसत नाहीत, अर्धा सांधाच बदलतात. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला, तेव्हा मला ती मोडलेली रेघ दिसण्याआधी माझ्या लहानपणचं घर दिसलं. आमच्या घराचा उंबरा उंच होता आणि मी त्यावर नेमाने अडखळायचे. पडले, की ही आत्याच धावत यायची, मला उचलायची आणि उंबऱ्याला चापट मारायची. 'हात् रे! आमच्या सोनीला लागलं ना? घे!' माझं रडं तिथेच थांबायचं. आपल्याकडे प्रत्येक लहान मूल असंच मोठं होतं. कधी जमिनीला मारतात, कधी दाराला, कधी टेबलाच्या कोपऱ्याला. लहान मुलाला आपण बजावून सांगतो, की तुझी चूक नव्हती, ज्याने लागलं त्याची होती. मग कोणत्या वयात हे उलटं होतं? कधीपासून पडलेला माणूस उठून आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून ओशाळतो, कपडे झटकतो आणि 'काही नाही, काही नाही, माझंच लक्ष नव्हतं' म्हणतो? रस्त्यावर स्कूटर घसरलेली बाई, बँकेच्या फरशीवर आपटलेले पेन्शनर काका, शाळेच्या जिन्यात पडलेल्या शिक्षिका, सगळ्यांचं तेच वाक्य. ओली फरशी, तुटलेली पायरी, उघडं गटार यांना कुणी चापट मारत नाही.

भरपाई मागायची, हे पहिल्यांदा म्हणाला तो दादा, माझा आतेभाऊ. हॉस्पिटलचं बिल भरून आल्यावर, पावती घडी करत, आवाज न चढवता. आणि मग जे सुरू झालं ते आपल्यापैकी बहुतेकांना सांगायची गरज नाही. 'लग्नघरातल्या गोष्टीवरून कोर्ट?' 'मुलीच्या वडिलांना काय वाटेल?' 'मेडिक्लेममधून आले ना बरेचसे? मग आणखी कशाला?' काका म्हणाले, पडण्याचे पैसे घ्यायचे म्हणजे कसंसंच वाटतं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं आतून कळतही होतं. माझ्याही मनात ते कसंसं होतंच. आईवडिलांनी आम्हाला दुसऱ्याच्या ताटातलं मागायचं नाही, हे शिकवलं. पण हे दुसऱ्याच्या ताटातलं कुठे होतं? मेडिक्लेमचा हप्ता आत्या तिच्या पेन्शनीतून इतकी वर्षं भरत आली होती. त्या बंद दिव्याचा खर्च तिच्या हप्त्यातून का भागवायचा? कार्यालयवाल्याने दिवसाचं भाडं घेतलं, सजावटीचे वेगळे, जनरेटरचे वेगळे, स्वच्छतेचेसुद्धा वेगळे घेतले होते. पावतीवर तसं लिहिलेलं होतं.

दादाच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. त्यांनी आधी आत्याची चौकशी केली आणि मग पहिला प्रश्न विचारला, तो पायरीबद्दल. 'फोटो आहेत?' नव्हते. आठवड्याभराने दादा कार्यालयात गेला, तर पायऱ्यांवर खरखरीत रबरी पट्ट्या, स्टीलचा चकचकीत कठडा आणि दारावर भला मोठा एलईडी. ते पाहून त्याला बरं वाटलं, आता तिथे दुसरं कुणी पडणार नाही, आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला, कारण आत्याची पायरी आता उरलीच नव्हती. ती सापडली भलतीकडेच. लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला दादाने न कापलेलं चित्रण मागितलं. पंगतीत आग्रह चाललेला, वरमाई जिलबी वाढतायत, नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतायत, आणि या सगळ्याच्या मागे, उघड्या दारातून, तो काळोख. हॉलमधल्या उजेडाची एक तिरीप पहिल्या पायरीवर पडलेली आणि त्या तिरिपेत पाणी चमकताना स्पष्ट दिसतंय. एक मुलगा दाराच्या चौकटीला धरून, चाचपत उतरतो. मग एक बाई पदर सावरत उतरतात. मी ते चित्रण एकदाच पाहिलं. आत्या दाराशी येण्याआधी बंद केलं.

तक्रार ग्राहक आयोगात करायची, असं वकीलबाईंनी सुचवलं. आम्ही गोंधळलो. आत्या कसली ग्राहक? कार्यालय तर मुलीकडच्यांनी घेतलेलं. त्यांनी समजावून सांगितलं, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणारा जसा ग्राहक, तसा त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. आमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणा त्यात येतो. तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. ती जिथे कार्यालय आहे तिथेच करायला हवी असंही नाही, आत्या राहते त्या पुण्यातल्या जिल्हा आयोगातही चालते. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फी नाही. मला हे सगळं ऐकताना रडू आलं, का ते नीट सांगता येत नाही. इतके दिवस वाटत होतं की आपण काहीतरी ओढूनताणून मागतोय, आणि इथे कुणीतरी आधीच विचार करून ठेवलेला होता, की पंगतीला बसलेल्या बाईचाही त्या पायरीवर हक्क आहे.

वकीलबाईंनीच दिल्लीच्या घड्याळाच्या मनोऱ्याची हकिकत सांगितली. चांदणी चौकात, टाउन हॉलसमोर तो मनोरा होता. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत तो कोसळला आणि खाली माणसं मेली. महापालिका म्हणाली, आम्हाला कुठे काही चीर-भेग दिसली नव्हती, आम्ही काय करणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९६६ मध्ये निकाल लागला. बांधकाम ८० वर्षांचं होतं आणि वरच्या मजल्याला वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचं आयुष्य फार तर ४०-४५ वर्षांचं. न्यायालय म्हणालं, भर रस्त्यावरचा मनोरा नीट सांभाळला असेल तर तो आपोआप पडत नाही. तो पडला, एवढंच पुरेसं बोलकं आहे. आता काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं काम मालकाचं. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब चालणार नाही. मेलेल्यांच्या घरच्यांनी मनोरा का पडला हे शोधत बसायचं नाही.

दरवेळी असं होतं असं मात्र नाही, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. राजकोटमध्ये १९७५ मध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला. बायकोने महापालिकेवर दावा केला, खालच्या न्यायालयांत ती जिंकली. बावीस वर्षांनी, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रत्येक झाडावर सतत नजर ठेवण्याची अशी जबाबदारी महापालिकेवर टाकता येणार नाही, असा त्याचा सारांश. मी त्या बाईचा बराच विचार केला. बावीस वर्षांत तिची मुलं मोठी झाली असतील. ती त्या रस्त्याने जात असेल का? तिथे त्यांनी दुसरं झाड लावलं असेल का? कायद्याच्या पुस्तकात तिच्या नवऱ्याचं मरण हा एक दाखला होऊन बसला, आणि तो तिच्या विरुद्धचा.

मग तक्रारीत किती रक्कम मागायची, ते ठरवायची वेळ आली. सोपे आकडे आधी झाले. ऑपरेशन, औषधं, मेडिक्लेमने नाकारलेले हातमोजे आणि डायपर, वॉकर, कमोडची खुर्ची, फिजिओथेरपीला घरी येणारी मुलगी, रात्रीच्या मावशी. पावत्या एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारीखवार. पुढचा रकाना 'उत्पन्नाचं नुकसान'. आत्या निवृत्त शिक्षिका, पेन्शन चालूच आहे, म्हणजे तिथे शून्य. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'घरात काय काय करायच्या त्या?' आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. काय काय करायची? पहाटेचं दूध, नातीची शाळेची वेणी, डबे, तिचा अभ्यास, वहिनीच्या बाळंतपणानंतरचे सगळे महिने, उन्हाळ्यात कुरडया, शेजारच्या काकूंना इन्सुलिन टोचायला जायचं. हे कशात मोजायचं?

तेव्हा कळलं की हा प्रश्न न्यायालयापुढे एकदा फार भयंकर रीतीने आलेला आहे. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला, जमशेदजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीच्या सोहळ्यात मांडवाला आग लागली. कामगारांची मुलं आणि बायका त्यात गेल्या. नुकसानभरपाई ठरवताना आधी गृहिणींच्या कामाची किंमत वर्षाला १२ हजार धरली होती, आणि ६२ ते ७२ वयाच्या बायकांची १० हजार. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ३६ हजार आणि २० हजार केली. म्हणाले, आधीची फारच कमी होती. मी तो आकडा ऐकला आणि गप्प झाले. आत्या बरोबर त्या वयोगटातली. त्या बायकांच्या लेकी-सुनांनी हा आकडा कसा वाचला असेल? वाढवून मिळाला म्हणून समाधानाने की 'एवढाच?' म्हणून? पण कुणीतरी तो आकडा लिहिला म्हणून, घरात बसून केलेल्या कामालाही किंमत असते हे पुढच्या कज्ज्यांत म्हणता येऊ लागलं. शून्यापेक्षा २० हजार फार मोठे आहेत.

आणि जे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, ते आत्यानेच सांगितलं. सांधा बदलल्यावर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती चालते आता, काठीने, हळूहळू. पण जमिनीवर बसायचं कायमचं गेलं. बाकीच्यांना यात विशेष वाटायचं नाही. तिचं आख्खं आयुष्य जमिनीवर होतं. पोळपाट जमिनीवर, देवापुढे पाट जमिनीवर, पेटी जमिनीवर घेऊनच ती गायची, मुलांना शिकवायची तेही सतरंजीवर बसून. गौरी आल्या, तेव्हा ती खुर्चीवर बसून वरून बघत होती आणि वहिनी खाली रांगोळी काढत होती. 'इथून नीट दिसत नाही गं,' म्हणाली. वकीलबाईंनी हे ऐकलं आणि 'शारीरिक व मानसिक त्रासापोटी' या मथळ्याखाली एक ओळ लिहिली: तक्रारदार यांना यापुढे जमिनीवर बसता येणार नाही. एवढीच. त्या ओळीपुढे आकडा घालताना दादाचा हात बराच वेळ थांबलेला होता.

भांडी घासणाऱ्या बाईचं मला सांगायलाच हवं. मॅनेजरने नोटिशीनंतर फोन केला, तेव्हा त्याचा सगळा रोख तिच्यावर होता. 'त्या बायकांना हजारदा सांगितलं, पाणी इकडे सोडू नका म्हणून. काढूनच टाकतो तिला.' आत्याला हे कळलं आणि ती इतकी अस्वस्थ झाली की तक्रार करूच नका म्हणाली. रोजंदारीवरची बाई, शेकडो ताटं घासायची, पाणी जाईल कुठे? उतार पायऱ्यांकडे केला तो तिने केला का? दिवा तिने बंद ठेवला का? तेव्हा वकीलबाईंनी आत्याला स्पष्ट सांगितलं की नोकराच्या हातून झालेल्या हयगयीची भरपाई मालकाने द्यायची असते, तो कामवालीकडे बोट दाखवून सुटत नाही, आणि तक्रारीत त्या बाईचं नावही येणार नाही. तरी आत्याने दादाला कार्यालयात पाठवलं, ती कामावर आहे की नाही ते बघायला. होती. त्यानंतरच आत्याने तक्रारीवर सही केली. मला वाटतं, भरपाई मागायला सभ्य माणसं कचरतात त्याचं एक कारण हेही आहे. आपल्याला ठाऊक असतं की वरच्याकडे मागितलेलं तो सगळ्यात खालच्याकडून वसूल करील. मग आपणच सोसतो आणि वरचा तसाच राहतो.

या काळात वर्तमानपत्रातली एक बातमी दादाने कापून फाइलला लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की रस्त्यातल्या खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. त्यासाठी समित्या नेमायच्या, आणि दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. या प्रकरणाची सुरुवात २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रातून झाली होती. म्हणजे बारा वर्षं. त्या बारा वर्षांत कितीजण त्या खड्ड्यांत गेले आणि घरचे म्हणाले, 'वेळ आली होती.' २०१७ च्या ऑगस्टमधल्या पुरात मुंबईतले एक नामांकित डॉक्टर चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते आठवून अजून अंगावर काटा येतो. आत्याची पायरी या आदेशात बसत नाही, ती खासगी जागेतली. पण दादाला ते कात्रण फाइलमध्ये हवं होतं. मी कारण विचारलं नाही.

परवा कार्यालयाचं लेखी म्हणणं आलं. पाच पानं, मराठीत टाइप केलेली, आमच्या प्रत्येक परिच्छेदाला 'मान्य व कबूल नाही'. तक्रारदार या वयोवृद्ध असून नऊवारी साडी नेसलेल्या होत्या, त्यांची दृष्टी अधू आहे, सोबत कोणालाही न घेता त्या घाईने उतरल्या, सबब सदर अपघात त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला आहे, इत्यादी. आयोगाने त्यातलं थोडंफार मानलं, तर तेवढी भरपाई कमी होऊ शकते, असं वकीलबाई म्हणाल्या. दादाला ते पान आत्यापासून लपवायचं होतं. पण तिने चष्मा मागितला आणि खिडकीशी खुर्ची ओढायला लावून पाचही पानं वाचली, वह्या तपासायची तशी, ओळीवर बोट ठेवून. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, दोन्ही डोळ्यांनी ती सुईत दोरा ओवते. नऊवारी ती लग्नाआधीपासून नेसते आहे. तिचा चेहरा लाल झाला. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच चिडलेली पाहिली.

'पेन घे,' ती दादाला म्हणाली. 'यांना उत्तर द्यायचंय ना? पैशांचं खाली लिही. आधी लिही, की अशी यांची आणखी जी जी कार्यालयं असतील, तिथे सगळीकडे कठडा लावायचा आदेश द्या.' दादा म्हणाला, आयोग सेवेतली उणीव दूर करायला सांगू शकतो, पण ती या कार्यालयापुरती, आणि इथे त्यांनी कठडा लावलाय. 'तरी लिही. आणि साडीबद्दल काही लिहू नकोस, त्याला उत्तर द्यायची गरज नाही. त्यांना एवढंच विचार,' तिने कागद उलटा करून मांडीवर ठेवला, 'पाच पानं लिहिलीत, त्यात दिवा का बंद होता ते कुठे आहे?'